झाडांचे नववर्ष आणि आपली वही



माघ लागला की आरे कॉलनीतील सकाळ निराळी होते. गोरेगाव पूर्वेकडून आत शिरून छोटा काश्मीर उद्यानाचा रस्ता धरला, की आंब्याच्या मोहराचा वास आधी येतो आणि झाड मागाहून दिसते. काटेसावरीने पाने टाकून दिलेली असतात आणि तिच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले उमलू लागलेली असतात. उंबराच्या खोडाला फळे लगडलेली दिसतात. त्यांना आपण दुरूनच नमस्कार करावा, कारण पंच उदुंबर फळांचा त्याग हा श्रावकाच्या अगदी पहिल्या पाठांपैकी आहे. गेली बावीस वर्षे मी या रस्त्याने सकाळी फिरतो आहे. इतक्या वर्षांत या झाडांकडून मी काय घेतले आणि त्यांना काय दिले, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो मला विचारायला लावला एका परक्या धर्माच्या सणाने, म्हणून आजचे हे लेखन.

परका तरी कसा म्हणावा? हा सण पाळणारी माणसे घरात मराठी बोलतात. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी आपल्या कोकणातल्या गावांवरून आलेली आहेत. बेने इस्राएल या नावाने ओळखला जाणारा हा ज्यू समाज अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागला. जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी तेलाचा घाणा हा व्यवसाय धरला. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, ते घाणा जुंपत नसत. म्हणून कुलाबा जिल्ह्यातले लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ हाती नव्हते, गुरू जवळ नव्हते, तरी आठवड्यातला एक दिवस धंदा बंद ठेवण्याचा नियम त्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळला, आणि त्यावरूनच ते आपल्या धर्मबांधवांना पुन्हा ओळखू आले. ज्यांची दुकाने पर्युषणातही अर्धे शटर वर करून चालू असतात, त्यांनी (त्यात मीही एकेकाळी होतो) या एका गोष्टीवर जरा थांबावे.

मसजिद बंदरला माल घ्यायला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना सॅम्युअल स्ट्रीट ठाऊक आहे. त्या गल्लीत १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले सिनेगॉग आहे. हे लोक आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद'च म्हणत असत. मी त्या भागात तीस वर्षे हुंड्या आणि बिलट्या घेऊन फिरलो, पण तो दरवाजा माझ्या नजरेस कधी पडला नाही. बाजारात आपण किती थोडे पाहतो!

आमच्या इमारतीत या समाजाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना सारे 'काका' म्हणतात. मूळचे अलिबाग तालुक्यातले. कारखान्यातून निवृत्त होऊन फार वर्षे झाली. मुले इस्रायलला अश्दोद येथे स्थायिक झाली, काका मात्र इथेच राहिले. मागील वर्षी माघातल्या एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावले. "शेठ, आज आमच्याकडे मलिदा आहे. सूर्यास्ताच्या आत या, म्हणजे तुमचा चौविहार मोडायचा नाही. कांदा, बटाटा, काही नाही त्यात," असे त्यांनी स्वतःहून सांगितले. शेजारधर्म म्हणजे काय, हे या एका निरोपावरून मला समजले.

ताटात भिजवलेले गोड पोहे होते, त्यांत खोवलेले ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा घातलेला होता. भोवती फळे मांडलेली होती आणि बाजूला गुलाबाची फुले व सब्जाची डहाळी होती. काकांनी आणि आलेल्या चार पाहुण्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली, एलियाहू हनबी या त्यांच्या प्रेषिताचे स्तवन गायले आणि मग एकेक जिन्नस हाती घेऊन त्याचा आशीर्वाद म्हटला. खजूर घेतला तेव्हा एक आशीर्वाद झाला, केळे घेतले तेव्हा दुसरा. मी विचारले, दोन्ही फळेच आहेत, मग आशीर्वाद निराळे का? काका म्हणाले, "खजुराचे झाड वर्षानुवर्षे उभे राहते, ते झाडाचे फळ. केळीला एकदा घड आला की खोड गेले. ते जमिनीचे फळ." प्रत्येक वनस्पती आणि साधारण वनस्पती यांतला भेद बालपणी पाठशाळेत घोकलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून घरच्यासारखे वाटले. खाण्यापूर्वी हे कोठून आले, कशावर वाढले, हे क्षणभर स्मरायचे, मगच तोंडात घालायचे. आपण ईश्वराला सृष्टीचा कर्ता मानत नाही, त्यामुळे त्या प्रार्थनेचा अर्थ आपल्या सिद्धांताशी जुळणारा नाही. पण खाण्याआधी थांबण्याची ती सवय आपल्या विवेकाशी जुळणारी आहे.

बेने इस्राएल या दिवसाला पूर्वापार 'एलियाहू हनबीचा उरूस' म्हणत आले आहेत. अलिबाग तालुक्यात खंडाळा नावाचे गाव आहे (घाटावरचे नव्हे). तेथील खडकावर काही खुणा आहेत. प्रेषित एलियाहू याच ठिकाणाहून रथातून आकाशात गेले, त्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकाच्या या खुणा, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या स्थळाला ते 'एलियाहू हनबीचा टापा' म्हणतात आणि उरुसाच्या दिवशी तेथे यात्रेला जातात. जगभरचे ज्यू हाच दिवस 'तू बिश्वात' म्हणून पाळतात. याचा अर्थ शवात महिन्याचा पंधरावा दिवस, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा. यंदा १ फेब्रुवारीला आपली माघ पौर्णिमा आहे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून त्याच सायंकाळपासून २ फेब्रुवारीच्या सायंकाळपर्यंत हा सण आहे. हे झाडांचे नववर्ष आहे.

नववर्ष म्हटल्यावर मला गुढी आणि रोषणाई यांसारखे काहीतरी डोळ्यांपुढे आले. काका हसले. "नाही हो शेठ. हे तुमच्या वहीपूजनासारखे आहे. हिशेबाची तारीख." आणि मग त्यांनी जे सांगितले, जे मी नंतर ग्रंथांतूनही पडताळून पाहिले, ते व्यापारी कुटुंबातल्या वाचकांपुढे सविस्तर मांडण्याजोगे आहे.

ज्यूंच्या धर्मशास्त्राचा जुना संग्रह मिश्ना या नावाने ओळखला जातो. तो सुमारे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यात वर्षाचे चार आरंभ सांगितले आहेत. राजांची कारकीर्द आणि सण मोजण्याचे वर्ष एक, जनावरांच्या दशमांशाचे दुसरे, सर्वसाधारण कालगणनेचे तिसरे आणि झाडांचे चौथे. आपल्यालाही हे नवे नाही. वीर निर्वाण संवत, विक्रम संवत, आणि आयकर खात्याचे १ एप्रिलपासूनचे वर्ष अशी तीन वर्षे आपल्या गादीवर एकाच वेळी चालू असतात. त्यांच्या देशात झाडाच्या फळांतून दहावा हिस्सा काढून द्यावा लागे. सात वर्षांच्या चक्रात काही वर्षी तो यरुशलेमला नेऊन खर्चायचा आणि तिसऱ्या व सहाव्या वर्षी गोरगरिबांना द्यायचा. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती असे. एक फळ कोणत्या वर्षाचे हे ठरल्याखेरीज ते कोणाच्या वाट्याचे हे ठरत नसे. म्हणून तारीख लागली. शवातच्या मध्यापर्यंत तेथला बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. त्यानंतर धरणारे फळ नव्या वर्षाच्या पाण्यावर वाढते, आधी धरलेले जुन्या. एवढे साधे कारण. आपण ३१ मार्चला गोदामातल्या मालाची मोजदाद करतो ना, तसेच.

याच्याशी जोडलेला एक कडक नियम आहे, आणि सारा सण मला त्या नियमापाशी येऊन थांबल्यासारखा वाटतो. एका वर्षाच्या फळांचा दशमांश दुसऱ्या वर्षाच्या फळांतून देता येत नाही. जुन्या वर्षाचे देणे जुन्याच मालातून फेडायचे. नवा माल कितीही आला, कितीही उत्तम आला, तरी तो जुन्या देण्याला लागू पडत नाही.

दुसरा नियम रोपांचा. झाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ घ्यायचे नाही. चौथ्या वर्षाचे फळ देवाचे. पाचव्या वर्षापासून मालकाचे. झाडाचे वय मोजतानाही ही शवातची पौर्णिमा लागते. आणि युद्धात शहराला वेढा दिला असतानासुद्धा फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथात आहे.

तालमूदमध्ये एक लहानशी गोष्ट येते. झाडांचे वर्ष शवातच्या पहिल्या तिथीला सुरू होते की पंधराव्या, याविषयी शम्माई आणि हिल्लेल या दोन आचार्यांच्या परंपरांत मतभेद होता. रब्बी अकीवा यांनी शवातच्या पहिल्या दिवशी महाळुंगाचे फळ तोडले आणि त्यातून दोन्ही मतांप्रमाणे दोन दशमांश बाजूला काढले. आमच्या वडिलांच्या गादीवर एक जुने मुनीमजी होते. एखादी रक्कम कोणाच्या नावे टाकायची याचा संशय आला, की ते ती प्रथम आपल्या देण्यात धरत आणि म्हणत, येण्यात नंतरही लिहिता येईल. रब्बी अकीवांची गोष्ट ऐकून मला त्या मुनीमजींची आठवण झाली.

येथवरचे सारे मी कौतुकाने ऐकले. पण घरी परतताना तो जुन्या-नव्या मालाचा नियम माझ्या मनात रुतून बसला. त्याला कारण २०१९ सालची एक रात्र होती.

आरे कॉलनी १९४९ साली उभारली गेली ती मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी. दारा खुरोडी यांची ती कल्पना. वारली पाडे तर त्याच्याही आधीपासून तेथे आहेत आणि वाघोबाला आजही मानतात. सुमारे तेराशे हेक्टरांच्या या परिसरात मेट्रो ३ ची कारशेड करायचे ठरले, आणि मुंबईत दोन तट पडले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती.

त्या रात्री आमच्या खिडकीतून करवतीचा आवाज ऐकू येत होता. माझी मुलगी तेव्हा महाविद्यालयात होती. तिच्या मैत्रिणी फाटकाशी जमल्या होत्या. तीही निघाली. मी दाराशी उभा राहिलो आणि तिला जाऊ दिले नाही. जमावबंदी होती, पोलीस धरपकड करत होते, बापाच्या मनात भीती होती, हे सारे खरे. पण आणखीही एक खरे होते आणि ते मी तिला सांगितले नाही. मेट्रोच्या नियोजित स्थानकाजवळ मी त्याच वर्षी एका गाळ्याची बयाणा रक्कम भरली होती. ती झाडे पडली तर माझा गाळा चढणार होता.

दुसऱ्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, आयंबिल ओळीचा पहिला दिवस होता. मी आयंबिल केले. संध्याकाळी प्रतिक्रमणाला आम्ही सारे एकत्र बसलो. सातव्या व्रताचे अतिचार आले आणि पंधरा कर्मादानांची नावे एकामागून एक म्हटली जाऊ लागली. इंगालकम्मे, वणकम्मे, साडीकम्मे... आपण ती किती वेगाने म्हणतो, वाचकहो, ते तुम्हीही जाणता. प्रतिक्रमण संपल्यावर मुलीने विचारले, "पप्पा, वणकम्मे म्हणजे वन तोडण्याचा धंदाच ना? मग आपला गाळा त्यात येतो का?" तिला बयाणा रकमेचे ठाऊक होते. तिच्या आईने सांगितले असावे.

मी म्हणालो, "बेटा, व्यवहार असा नसतो. आपण कुठे झाड तोडले?" ती गप्प राहिली. त्यानंतर या विषयावर आम्ही सहा वर्षे बोललो नाही. ती शिकली, नोकरीला पुण्याला गेली. फोन रोज होतो, प्रेमही आहे. पण दोघांनाही जपून बोलावे लागते अशी एक जागा घरात तयार झाली.

शब्दार्थाने पाहिले तर माझे उत्तर चूक नव्हते. कर्मादान म्हणजे ज्या धंद्यात महारंभ आहे असा धंदा. वन तोडून लाकूड विकणे हे वणकम्म. स्टेनलेस स्टीलची भांडी विकणाऱ्याचा गाळा त्यात बसत नाही. याच यादीत जंतपीलणकम्मे, म्हणजे यंत्राने पिळण्याचा धंदाही आहे. त्या न्यायाने शनिवार तेल्यांचा घाणाही आपल्या शास्त्राला रुचणारा नाही, हेही मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. या यादीच्या कसोटीला उतरणारे घर शोधायला गेलो तर आपल्या बाजारपेठांतही फारसे सापडणार नाही.

पण आपले शास्त्र शब्दापाशी थांबत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे ही त्रयी आपण पाठशाळेत शिकलो. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वनस्पतिकायाचा विचार येतो. मनुष्याचे शरीर जसे जन्मते, वाढते आणि छेदले असता कोमेजते, तसेच वनस्पतीचेही, असे तेथे एकापुढे एक मांडून दाखवले आहे. ऋषभदेव भगवंतांना वटवृक्षाखाली आणि महावीर भगवंतांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले, हे आपण व्याख्यानात ऐकतो. मी करवत धरली नाही, धरवलीही नाही. अनुमोदना मात्र केली, आणि तिची किंमत गाळ्याच्या रूपाने वसूल केली. मुलीचा प्रश्न एवढाच होता.

मी मेट्रोच्या विरोधात नाही, हे सांगणे भाग आहे. तिचा पहिला टप्पा, आरे जेव्हीएलआर ते बीकेसी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटित झाला. तोडीच्या रात्रीनंतर बरोबर पाच वर्षांनी, जवळजवळ तारखेला तारीख. आता गाडी थेट काळबादेवीपर्यंत जाते आणि मी रोज तिने पेढीवर जातो. पूर्वी लोकलच्या दारात लोंबकळून जो जीव धोक्यात घातला जाई, तो आज थंड डब्यात बसून वाचतो. लाखो माणसांची सोय झाली, रस्त्यावरच्या गाड्या काही प्रमाणात कमी होतील. पुढे २०२० साली आरेतील सुमारे ८०० एकर जागा राखीव वन म्हणून राखण्याचा निर्णयही झाला. कारशेड तेथे व्हायला हवी होती की अन्यत्र, यावर जाणते लोक आजही भांडतात. तो वाद सोडवण्याची माझी योग्यता नाही. मला एवढेच दिसते, की मी ज्या आसनावर बसून रोज पेढीवर जातो त्याच्याखाली एक देणे आहे आणि ते माझ्या वहीत कोठेच नव्हते.

आणि ते फेडल्याचे समाधान मात्र मी केव्हाच मानून बसलो होतो! एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे आश्वासन प्रत्येक प्रकल्पाबरोबर येते. आपणही समाजाच्या वतीने महावीर जन्मकल्याणकाला वृक्षारोपण करतो. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी मी अकरा रोपे लावली होती. त्याचा फोटो मी सर्व गटांत पाठवला, शंभरावर लोकांनी अनुमोदना केली. काकांकडून त्या दिवशी परतताना मी मुद्दाम कुंपणाशी जाऊन मोजले. अकरांपैकी चार उभी होती. एकाला गाडी मागे घेताना धक्का लागून ते वाकले होते. उरलेल्या सातांच्या जागी आळीसुद्धा राहिली नव्हती.

आता तो नियम आठवा. जुन्या वर्षाचे देणे नव्या मालातून फिटत नाही. चाळीस वर्षे उभ्या असलेल्या झाडाचे, त्याच्या सावलीचे, त्यावरच्या घरट्यांचे, त्याच्या मुळांनी धरून ठेवलेल्या मातीचे देणे हातभर रोपाने कसे फिटेल? ती दोन निराळी खाती आहेत. रोप लावणे पुण्याचे आहे, लावलेच पाहिजे. पण त्याची जमा जुन्या खात्यात टाकून बाकी शून्य दाखवणे याला व्यापारात काय म्हणतात, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि तीन वर्षे पूर्ण होण्याआधी रोपाच्या नावावर काहीच घ्यायचे नाही, हा दुसरा नियम. फळ तर नाहीच, पण श्रेयही नाही. मी तर खड्डा बुजवण्याच्या आतच श्रेय घेऊन मोकळा झालो होतो.

काकांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचे मंदिर पडले इसवी सन ७० मध्ये. दशमांश न्यायचा कुठे, तेव्हापासून प्रश्नच उरला नाही. देणे संपले म्हणून तारीख कोणी सोडली का? नाही सोडली. आम्ही तर देशही सोडला होता, कोकणात आलो, हिब्रूसुद्धा विसरलो. पण ही पौर्णिमा राहिली." देण्याची जागा नष्ट झाल्यावरही देण्याचा दिवस लक्षात ठेवणारी ही माणसे. पुढे सोळाव्या शतकात सफेद नगरीतल्या त्यांच्या साधकांनी या दिवशी निरनिराळी फळे क्रमाने खाण्याचा विधी बसवला. आधुनिक काळात इस्रायलमध्ये हा वृक्षारोपणाचा दिवस झाला. आणि तेथे गेलेल्या आपल्या या मराठी लोकांनी मलिदा सोबत नेला, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथून काढले. हे जाता जाता सांगितले, कारण आपलीही मुले आता दूरदेशी आहेत.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण चातुर्मासात ऐकतो. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्याजात, चार कोटी घरविस्तारात असा तो श्रीमंत. पण त्याची श्रीमंती ऐकताना आपण जितके सावध असतो, तितके त्याची मर्यादा ऐकताना नसतो. दात घासण्यासाठी त्याने ओल्या जेष्ठमधाच्या काडीखेरीज दुसरी काडी ठेवली नाही. फळांत त्याने फक्त आवळा ठेवला. भगवंतांसमोर बसून त्याने हे एकेक जिन्नस मोजून सांगितले. एवढा मोठा गाथापती, आणि हिशेब कशाचा करतो, तर दातवणाचा! आपण मात्र कोटीचा हिशेब पैशापर्यंत ठेवतो आणि झाडाच्या बाबतीत 'अहो, एवढे तेवढे चालायचेच' म्हणतो.

म्हणून गेल्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर मी नव्या वहीत एक पान निराळे काढले आणि वर 'झाडांचे खाते' असे लिहिले. आमची भांडी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि लाकडी पेट्यांतून जातात. वर्षाला किती, हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. मोजले तर सहा हजारांवर खोकी आणि दोनशे चाळीस पेट्या निघाल्या. पेट्या परत मागवून पुन्हा वापरायला सुरुवात केली आहे. दोन व्यापारी कुरकुरले, बाकीच्यांनी पाठवल्या. ग्राहकांना दिवाळीत वाटायची कॅलेंडरे आम्ही आठशे छापत होतो. त्यांतली निम्मी कोणाच्या भिंतीवर जात नाहीत, हे सर्वांना माहीत असते. यंदा तीनशे छापली. रोपांसाठी पलीकडचे पान आहे. चार रोपांपुढे तारीख घातली आहे आणि पुढचा रकाना माघ पौर्णिमा २०२८ पर्यंत कोरा ठेवायचा आहे. त्यांना पाणी घालण्याचे काम मी माळ्याकडून काढून स्वतःकडे घेतले. वाकलेल्याला काठी बांधली आहे, ते तग धरेलसे दिसते. फोटो काढलेला नाही.

हे सारे सोपे होते. अवघड होती ती पहिली ओळ. तेथे मी लिहिले: 'गाळा, आरे जेव्हीएलआर, नावे.' रक्कम लिहिता येईना. बयाणा दिला तेव्हाचा भाव आणि आजचा भाव यांतला फरक लिहावा, की त्याचा दशमांश, की दोन्ही? रब्बी अकीवांनी दोन्ही काढले असते. आमचे मुनीमजी असते तर त्यांनी प्रथम मोठी रक्कम देण्यात धरली असती. भाड्याचा काही भाग पाड्यांवरच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवता येईल, असे पत्नीचे म्हणणे आहे. पण ते नवे दान झाले. जुने देणे त्याने फिटेल का, हे तीही सांगू शकली नाही. एका साध्वीजींना विचारले. त्या म्हणाल्या, "आधी जिच्यापाशी लपवले तिच्यापाशी आलोचना करा. रकमेचे मग पाहू."

मी मुलीला फोन केला. त्या रात्री दाराशी उभा राहिलो तेव्हा मनात काय होते, ते सहा वर्षांनी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, फोन कट झाला. मग म्हणाली, "पप्पा, मला ते तेव्हाच कळले होते. तुम्ही सांगाल याची वाट बघत होते." आणि थोड्या वेळाने विचारले, "वहीत किती लिहिलंत?" मी म्हणालो, अजून काहीच नाही. "मग मी आल्यावर बसून लिहू," ती म्हणाली.

सोमवारी, २ फेब्रुवारीला, काकांकडे मलिदा आहे. दुपारी चारला, सूर्यास्ताच्या आत. मुलगी रजा काढून पुण्याहून येते आहे, सकाळी आम्ही दोघे आरेत फिरायला जाणार आहोत. पेढी त्या दिवशी दुपारी बंद राहील. नारळ आणि खजूर नेण्याचे माझ्याकडे आहे.